अंगानं भरलेल्याच शेळ्या का पडल्या? उपासमार, चरबी आणि गाभणकाळाचा शेवटचा महिना

धाराशिव जिल्ह्यात बालाघाटच्या कडेला असलेल्या एका वस्तीवरचा हा कळप. लहानमोठ्या १४ उस्मानाबादी शेळ्या, त्यांतल्या ६ गाभण. मे संपत आला होता. सकाळी फोन आला तेव्हा एक शेळी मरून पडली होती आणि दुसरी उठत नव्हती. दोघींना बोकड दाखवला तो एकाच वेळी, संक्रांतीच्या आठवडाभर आधी. म्हणजे १४० दिवस नुकतेच उलटले होते. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, तेव्हा दोघी व्यायला टेकल्या होत्या.

मालकीणबाई गोठ्याच्या दारातच म्हणाल्या, "साहेब, वाळक्या शेळ्या धड हायेत आन् चांगल्या भरलेल्या दोनच पडल्या. ह्याला काय म्हणावं?"

या प्रकरणाचा गाभा त्या प्रश्नातच आहे. चारा कमी पडला तर आधी हडकुळी शेळी कोसळेल आणि अंगावर चरबी असलेली तग धरेल, असं कुणालाही वाटेल. इथं उलट घडलं होतं. पुढं जे सापडलं त्यावरून माझं मत पक्कं झालं की गाभण शेळीच्या बाबतीत चरबीकडे नुसती शिल्लक म्हणून पाहणं घातक आहे.

काय खात होत्या, काय बंद झालं

हिवाळ्यात या कळपाचं उत्तम चाललं होतं. सोयाबीनच्या रानात गळलेलं धान्य, तूर काढल्यावर पाला आणि शेंगांचं भुसकट, मग हरभऱ्याचं रान. शिवाय संध्याकाळी मुठीनं मक्याचा भरडा. फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेळ्या तुकतुकीत झाल्या होत्या. एप्रिलपासून रानात काही उरलं नाही. उन्हामुळं चरायला सोडणं सकाळच्या दोन तासांवर आलं, आणि पोट जड झालेल्या शेळ्या तेवढंही चालेनात. दावणीत राहिली फक्त ज्वारीच्या कडब्याची कुट्टी.

भरडा मात्र घरात होता. तो पुरवून वापरायचा म्हणून बाईंनी हिशेब केला. दुभत्या शेळीला द्यायचा, वाळक्यांना थोडा द्यायचा, आणि ज्या दोघी अंगानं सगळ्यात चांगल्या त्यांचा पूर्ण बंद. त्यामागं आणखी एक कारण होतं, ते त्यांनी दोनदा सांगितलं: "शेवटाला लई खाऊ घातलं की पिल्लू मोठं होतंय, मग अडतंय." ही समजूत मी जिथं जातो तिथं ऐकतो. त्यात बाईंचा दोष नाही, त्यांना ते अनुभवी माणसांनीच सांगितलेलं असतं. पण मोरी आणि चांदी या दोन शेळ्यांना खुराक बंद होऊन तीन आठवडे झाले होते, आणि ते तीन आठवडे नेमके गाभणकाळाच्या शेवटच्या टप्प्यातले होते.

या टप्प्यात काय चाललेलं असतं ते आकड्यांत पाहू. गर्भाची ७० टक्क्यांहून जास्त वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात दोन करडं असलेल्या ३५ किलोच्या शेळीला या काळात दिवसाला साधारण पाऊण किलो एकूण पचनीय पोषक घटक लागतात. कडब्याच्या कोरड्या वजनाचा जेमतेम निम्मा भाग या हिशेबात धरता येतो, प्रथिनं तर ३-४ टक्केच. गर्भाशयानं कोठीपोट (चारा आंबवणारा पोटाचा मोठा कप्पा) दाबलेलं, त्यात नुसती कुट्टी. अशी शेळी दिवसाला पाऊण किलोच्या वर खात नाही. म्हणजे तिच्या पदरात गरजेच्या निम्मं पडतं. आणि दिसताना दिसतं काय? पोट टम्म, दावण रिकामी केलेली, शेळी ‘चांगली खाते’. उपासमार चाललीय हे बाहेरून कळायला काही जागाच नाही.

मेलेली मोरी

मोरीचं शवविच्छेदन वस्तीमागच्या बांधावरच केलं. कळपाला पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची) लस झालेली होती. फुप्फुसं स्वच्छ, आतड्यांत रक्तस्राव नाही, आंत्रविषाराची लक्षणं नाहीत. गर्भाशयात तीन करडं, तिन्ही मेलेली, अंगानं बारीक.

चरबी मात्र ओंजळीनं काढावी एवढी होती. आतड्यांवरच्या पडद्यावर, मूत्रपिंडांभोवती, आतड्यांच्या घड्यांत. कातडीखाली तेवढी नव्हती. पाठीच्या कण्यावर हात फिरवला तर मणके सहज लागत होते. ही शेळीच्या जातीचीच रीत आहे. मेंढी चरबी कातडीखाली बऱ्यापैकी साठवते, शेळी ती मुख्यतः पोटाच्या आत साठवते. म्हणून नुसती पाठ चाचपून शेळीच्या चरबीचा अंदाज पुरा येत नाही, छातीच्या हाडावरची गादीही चिमटीत धरून पाहावी लागते.

मग यकृत. निरोगी यकृत गडद तांबूस-तपकिरी असतं, कडा धारदार असतात. मोरीचं फिकट पिवळं, फुगलेलं, कडा गोल झालेल्या. सुरी लोण्यात शिरावी तशी शिरली आणि पात्यावर तेलकट थर राहिला. बोटाएवढा तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला तर तरंगला. चांगलं यकृत बुडतं. बाई आणि त्यांचा मुलगा दोघंही ते पाहत होते. नंतर मी जे काही समजावून सांगितलं त्यापेक्षा त्या तरंगणाऱ्या तुकड्यानं त्यांना जास्त पटलं असावं.

जिवंत चांदी

चांदी तिसऱ्या वेताची, काळी, कानांवर पांढरे ठिपके. चार दिवसांपासून खाणं कमी, आधी भरडा हुंगून सोडला (दुसरीच्या वाट्यातला एकदा तोंडापुढं धरला होता), मग कुट्टी सोडली. दोन दिवसांपासून कळपापासून वेगळी उभी राहायची, भिंतीला डोकं टेकवून. काल संध्याकाळपासून बसलेली. लेंड्या कोरड्या, थोड्या, आवेनं माखलेल्या.

ताप नव्हता, १०१ फॅरनहाइट, म्हणजे असावा त्याहून किंचित कमीच. दात खात होती. डोळ्यांसमोर एकदम हात नेला तरी पापणी लवेना, पण बॅटरीच्या उजेडात बाहुली आकसत होती. डोळा ठीक आणि दिसत मात्र नाही, असं झालं की गडबड मेंदूत असते. मागच्या पायांना गुडघ्याखाली सूज. शेळ्यांमध्ये या आजारात ती बरेचदा दिसते आणि लोक तिला मार लागल्याची सूज समजतात. कोठीपोटाची हालचाल दोन मिनिटांत कशीबशी एक. श्वास जलद, आणि श्वासाला गोडसर, नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा वास. हा ॲसिटोनचा वास. सगळ्यांना तो येत नाही, त्यामुळं वासावर निदान टांगू नये.

कानाच्या शिरेतला थेंब पट्टीवर घेतला. रक्तातली साखर ३८ मिलिग्रॅम. शेळीत ती साधारण ५० ते ७५ असते. माणसांसाठीची यंत्रं शेळीच्या रक्तात थोडं पुढंमागं दाखवतात, पण ३८ म्हणजे कमीच. दुसरी पट्टी किटोनची, म्हणजे चरबी अर्धवट जळली की रक्तात साचणाऱ्या पदार्थांची: त्यांतलं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट ४.६ मिलिमोल. गाभण शेळीत हा आकडा ०.८ च्या वर गेला की आत काहीतरी बिघडायला लागलंय असं धरतात, आणि ३ च्या वर गेलेली शेळी बहुधा डोळ्यांना दिसेल एवढी आजारी असते.

निदान झालं: गाभणकाळातली विषबाधा, म्हणजे प्रेग्नन्सी टॉक्सिमिया. कॅल्शियमची कमतरता सोबत असू शकते म्हणून ती मनात ठेवली. लिस्टेरिया जिवाणूचा मेंदूचा आजार असता तर ताप, एका बाजूचा चेहरा लुळा, गोल फिरणं असं काही दिसलं असतं. ते नव्हतं.

आत काय घडत होतं

इथं थोडं थांबून सविस्तर सांगतो, कारण सगळी खोच इथंच आहे.

शेळी जे खाते त्यातली साखर आणि पिष्ट तिच्या रक्तात साखर म्हणून जवळजवळ पोचतच नाही. कोठीपोटातले जिवाणू ते आधी फस्त करतात आणि मोबदल्यात तीन आम्लं देतात: ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यांपैकी ग्लुकोज तयार करायला उपयोगी पडतं ते एकच, प्रोपिओनेट. शेळीचं यकृत भरल्या पोटीही चोवीस तास ग्लुकोज बनवत असतं, आणि त्याचा मुख्य कच्चा माल प्रोपिओनेट. धान्य, भरडा, कोवळा पाला यांतून ते भरपूर मिळतं. कडब्यातून मिळतं ते मुख्यतः ॲसिटेट. ॲसिटेट ऊर्जेला चालतं, चरबी बनवायला चालतं, पण त्यापासून ग्लुकोज होत नाही. कडब्यानं पोट भरलेली शेळी ग्लुकोजच्या बाबतीत उपाशी राहू शकते ती अशी.

तिकडे गर्भाला ऊर्जेसाठी मुख्यतः ग्लुकोजच लागतं, आणि वार ते आईच्या रक्तातून ओढत राहते. आईची साखर खाली गेली म्हणून गर्भाची ओढ थांबत नाही. दोन-तीन करडं असतील तर आईनं तयार केलेल्या ग्लुकोजचा मोठा वाटा तिकडेच जातो. आईचं शरीर यावर एक उपाय करतं. इन्सुलिन कमी होतं, शेवटच्या महिन्यात तसंही स्नायू आणि चरबी इन्सुलिनला कमी दाद देतात. ग्लुकॅगॉन, वाढीचं संप्रेरक आणि ताणाची संप्रेरकं वर जातात. चरबीच्या पेशीतलं लायपेज कामाला लागतं आणि साठवलेल्या ट्रायग्लिसराइडचे तुकडे होतात: ग्लिसरॉल आणि मेदाम्लं. ग्लिसरॉलपासून यकृत थोडं ग्लुकोज करतं. मेदाम्लं अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून रक्तातून फिरतात, स्नायू ती जाळतात आणि ग्लुकोज गर्भासाठी वाचतं.

इथपर्यंत सगळं सुरळीत आहे, आणि थोडी उपासमार प्रत्येक शेळी अशीच निभावते. डोंगराळ, दुष्काळी भागात ही जात टिकली ती याच जोरावर. बिघाड पुढं होतो.

यकृत रक्तातून मेदाम्लं उचलतं ते स्वतःची गरज पाहून नाही, रक्तात जितकी असतील त्या प्रमाणात. आत आलेल्या मेदाम्लाला तीन वाटा असतात. पहिली, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात शिरून पूर्ण जळणं. उपाशीपोटी हे दार सताड उघडं असतं, पण पूर्ण ज्वलनासाठी ऑक्झॅलोॲसिटेट नावाचा रेणू हजर लागतो. तोच रेणू ग्लुकोज बनवण्याच्या वाटेवरही खर्च होतो. प्रोपिओनेट येत नाही, ग्लुकोजची मागणी तर वाढलेली. ऑक्झॅलोॲसिटेट तिकडे संपून जातं. मेदाम्लांचे तुकडे मग अर्धवट जळतात आणि दुसरी वाट धरतात: ॲसिटोॲसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, म्हणजे किटोन. तिसरी वाट म्हणजे मेदाम्लांची पुन्हा चरबी करून ती यकृताबाहेर पाठवणं. रवंथ करणाऱ्या जनावरांचं यकृत या कामात मुळातच मंद. चरबी बाहेर जाईना, आत मात्र येतच राहते. बादलीत तरंगलेला तुकडा हेच सांगत होता.

किटोन मर्यादेत असले तर तेही इंधनच आहे. मर्यादा ओलांडली की रक्त आम्लधर्मी होतं, श्वास वाढतो, भूक मरते. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत असंही दिसलंय की रक्तात बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट वाढलं की शरीराचं स्वतःचं ग्लुकोज बनवणंच मंदावतं. आणि खाणं थांबलं की प्रोपिओनेट आणखी कमी, चरबी आणखी जोरात सुटते. या चक्राला आपोआप थांबायची जागा नाही. शेवटी मेंदूला साखर पुरत नाही आणि शेळी भिंतीला डोकं लावून उभी राहते.

आता बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. वाळकी शेळी, बारकी म्हणतात तिला, तिच्याकडे सोडायला चरबीच थोडी. तिच्या यकृतावर मेदाम्लांचा लोंढा आलाच नाही. शिवाय तिच्या पोटात एकच करडू होतं आणि तिला थोडा का होईना भरडा मिळत होता. मोरी-चांदीकडे हिवाळ्यात भरलेलं कोठार होतं, मागणी दुप्पट-तिप्पट होती, आणि खुराक झटक्यात बंद झाला होता. ज्यांना ‘यांना काय, अंगावर आहे’ म्हणून वगळलं, त्यांचीच चरबी एकदम सुटली. अतिवाळलेल्या शेळीलाही हा आजार होतो, त्यामुळं हडकुळेपणात सुरक्षितता आहे असा अर्थ कुणी काढू नये. वाळक्या शेळीत तो वेगळ्या वाटेनं येतो, स्नायू झिजवत. पण चरबी आहे म्हणून खुराक तोडणं ही माझ्या मते शेवटच्या सहा आठवड्यांतली सगळ्यात महागडी काटकसर.

उपचार

चांदीला कोमट केलेलं २५ टक्के डेक्स्ट्रोज २०० मिली शिरेतून हळूहळू दिलं, कॅल्शियम बोरोग्लुकोनेट कातडीखाली दोन-तीन ठिकाणी वाटून, बी-कॉम्प्लेक्स, आणि वेदनाशामक. अर्ध्या तासात तिनं मान उचलली, पण यानं हुरळून जाऊ नये. शिरेतली साखर काही तासच टिकते. खरं काम प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. ते ६० मिली, दिवसातून दोनदा, तोंडानं. त्यातलं काही कोठीपोटात प्रोपिओनेट होतं, बाकीचं थेट रक्तात जाऊन यकृतात ग्लुकोज बनतं.

बाईंनी आदल्या दिवशी गुळाचं पाणी पाजलं होतं. गोड म्हणजे साखर वाढेल हा तर्क माणसाच्या पोटाला लागू पडतो. शेळीच्या कोठीपोटात गूळ जिवाणू खातात. थोडं प्रोपिओनेट मिळतं, पण जास्त पाजलं तर पोटात आम्ल होऊन दुसराच आजार उभा राहतो. काही ठिकाणी या आजारात इन्सुलिनही देतात. कारण तेच: चरबी सुटण्याला तो थेट लगाम आहे. वस्तीवर साखरेवर तासातासाला लक्ष ठेवणं शक्य नव्हतं म्हणून ते वापरलं नाही.

मोठा निर्णय करडांचा होता. ग्लुकोज ओढणारा पंप बंद झाल्याशिवाय ही शेळी वाचणं कठीण. शेळीचा गाभणकाळ अखेरपर्यंत अंडाशयावरच्या पीतपिंडावर, म्हणजे गाभ टिकवणारं संप्रेरक सोडणाऱ्या गाठीवर, टिकून असतो (मेंढीत पुढं ते काम वार करते), म्हणून ही गाठ बंद पाडणारं प्रोस्टाग्लॅन्डिनचं इंजेक्शन शेळीला दिलं की साधारण ३० ते ३६ तासांत ती विते. तारीख पक्की ठाऊक होती, १४१ वा दिवस, करडं जगण्याजोगी. बोकड दाखवल्याची तारीख लक्षात ठेवण्याचं मोल अशा वेळी कळतं. नुसतं ‘व्यायला झाली असंल आता’ एवढ्यावर मी ते इंजेक्शन दिलं नसतं. सोबत करडांच्या फुप्फुसांची तयारी व्हावी म्हणून डेक्सामेथासोन. आई की करडं असा प्रश्न आला तर आई, हे बाईंशी बोलून घेतलं. त्या म्हणाल्या, "शेळी ऱ्हायली तर पुन्हा इतीन."

दुसऱ्या रात्री उशिरा चांदी व्याली. जुळी, एक पाट आणि एक बोकड. वजनं १.७ आणि १.४ किलो, उस्मानाबादीचं करडू साधारण २ किलोच्या वर असतं. वार सकाळपर्यंत पडली.

थंड पडलेलं करडू

सकाळी पोचलो तेव्हा लहान करडू, बोकड, मान टाकून पडला होता. जन्माला सहा तास होऊन गेलेले. ताप मोजला तर ९६. मे महिन्यात, पत्र्याखाली, आणि करडू गारठलेलं.

ही आईच्या उपासमारीची दुसरी बाजू आहे आणि तीही चरबीचीच. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर साधी चरबी नसल्यात जमा असते. असते ती तपकिरी चरबी, मूत्रपिंडांभोवती, मानेत, खांद्यांच्या मध्ये. तिचं काम एकच, जळून ऊब देणं. तिच्यातल्या मायटोकॉन्ड्रियात एक खास प्रथिन असतं, ते ज्वलनातली ऊर्जा कामाला न लावता थेट उष्णतेत सोडतं. ओलं करडू बाहेर पडल्यावर पहिले काही तास याच भट्टीवर जगतं. आई शेवटच्या महिन्यात उपाशी असेल तर हा साठा आणि यकृतातलं ग्लायकोजन (साठवलेली साखर) दोन्ही तोकडे. त्यात चांदीच्या कासेत चीक उशिरा उतरला.

पाच तासांहून मोठं, गारठलेलं, मान टाकलेलं करडू सापडलं की घाईनं शेकोटीजवळ नेऊ नये, हे सगळ्या शेळीवाल्यांनी मनात कोरून ठेवावं. त्याचं इंधन संपलेलं असतं. आधी ऊब दिली तर अंगातली क्रिया वाढते, उरलीसुरली साखर संपते आणि करडू झटके येऊन मरतं. आधी साखर, मग ऊब. २० टक्के डेक्स्ट्रोज अंगाच्या उबेइतकं कोमट करून, किलोला १० मिली या मापानं, या करडाला १४ मिली, बेंबीच्या खाली थोडं बाजूला पोटाच्या पोकळीत टोचलं. हे डॉक्टरनंच करायचं काम आहे. मग कोरड्या गोधडीत गुंडाळून गरम पाण्याच्या बाटल्या. ताप ९९ च्या वर गेल्यावर बारकीचा चीक नळीनं पाजला. ती आदल्या दिवशीच व्याली होती, म्हणून चीक हाताशी होता. तासाभरानं तो करडू ओरडला.

बाकीचा कळप

राहिलेल्या चार गाभण शेळ्यांचं रक्त पहिल्याच दिवशी पट्टीवर पाहिलं होतं. दोघी ठीक: ०.५ आणि बारकी ०.७. तिसरी १.१. चौथी खाती-पिती, रवंथ करती, बाईंच्या मते ‘काय न झालेली’, तिचा आकडा १.९. तिलाही दोन करडं असावीत असं पोटावरून वाटत होतं आणि व्यायला तीनेक आठवडे होते. तिच्यात आजार बाहेर दिसायचा होता इतकंच. तिला तोंडानं प्रॉपिलीन ग्लायकॉल तीन दिवस दिलं आणि भरडा सुरू केला.

पट्टी नसेल तिथं लघवी तपासता येते. माणसांच्या औषधाच्या दुकानात किटोनच्या लघवीपट्ट्या मिळतात. बसलेली शेळी उठवली की बहुतेक वेळा ती लगेच लघवी करते, तेवढ्यात वाटी धरायची. ही पट्टी ॲसिटोॲसिटेट दाखवते, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट नाही, म्हणून आकडा अचूक मिळत नाही. पण जांभळा रंग गडद आला तर थांबू नये.

खुराक एकदम ओतायचा नाही, हे बाईंना बजावून सांगावं लागलं. कडब्यावरच्या कोठीपोटाला धान्य पचवणारे जिवाणू वाढवायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी ५० ग्रॅम, दोन वेळा विभागून, आणि दर दोन-तीन दिवसांनी ५० ग्रॅम वाढवत २५० ते ३०० पर्यंत. मका भरडा, तुरीची चुनी, थोडी सरकी पेंड, खनिज मिश्रण, मीठ. बांधावर सुबाभूळ आणि शेवरी होती. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवायला सांगितली.

करडू अडण्याच्या भीतीचंही बोलणं झालं. अती चरबीनं जननमार्ग अरुंद होतो, एकच करडू असेल तर ते मोठंही होतं, यात तथ्य आहे. पण तो बंदोबस्त गाभणकाळाच्या मधल्या दोन महिन्यांत करायचा असतो. पाठ आणि छाती हातानं पाहून अंगाला पाचपैकी गुण द्यायचे आणि ते तीनच्या आसपास ठेवायचं. शेवटच्या दीड महिन्यात जाड शेळीलाही बारीक करायला जायचं नाही. एका शेळीला सहा आठवडे दिवसाला पाव किलो खुराक म्हणजे साडेदहा किलो, तीन-साडेतीनशे रुपये. मोरी तीन करडं पोटात घेऊन गेली होती.

चांदीला उभं राहायला व्याल्यानंतर आणखी दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी किटोनचा आकडा १.२ वर आला. नजर आठवड्यानं पूर्ववत झाली. दूध मात्र या वेताला बेताचंच राहिलं. उपासमारीतून आलेल्या शेळीच्या दुधात पहिले काही दिवस स्निग्धांश उलट जास्तच लागू शकतो, आणि मालक खूश होतो. ती स्निग्धता अंगातल्या चरबीची असते. कास स्वतः ॲसिटेटपासून जी छोट्या साखळीची मेदाम्लं बनवते ती घटलेली असतात आणि अंगातल्या चरबीतून आलेली लांब साखळीची, विशेषतः ओलेइक, वाढलेली. दूध घट्ट आहे म्हणून शेळी सावरली असं समजू नये. खुराक चालूच ठेवावा लागतो. दोन्ही करडांना वरचं दूध पाजावं लागलं. पाट चांगली वाढली. बोकड जगला, पण वजनात तिच्या मागंच राहिला.

ज्या शेळीचा आकडा १.९ होता ती जूनच्या मध्यात व्याली, जुळी, दोन्ही दोन किलोच्या आसपास, विनामदत. चांदीला पुढं दिवाळीनंतर बोकड दाखवला. या वेळी तारीख बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली, आणि ११० व्या दिवसापासून खुराक चढवायला स्वतःहून सुरुवात केली. १३० व्या दिवशी पट्टीवर आकडा आला ०.४. सरकी पेंडीचा भाव वाढल्याची तक्रार त्यांनी त्याच भेटीत केली. तिच्या जागी हरभऱ्याची चुनी किती चालेल ते आम्ही बसून काढलं.